जिथे बदल जास्त साचतात

माझी भाची सात महिन्यांची असताना तिचा रिपोर्ट आला. तो इंग्रजीत होता आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी पाकीट ताईच्या हातात दिलं तरी ताईने ते न उघडता माझ्या हातात दिलं. अमरावतीच्या त्या दवाखान्याबाहेर गाड्या लावायची पत्र्याची शेड आहे. तिथे उभं राहून मी तो वाचला. ताई पोरीला खांद्यावर घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"काय लिवलं हाय?"

"एक अक्षर बदललं हाय ताई. तीनशे कोटी अक्षरांतलं एक."

"कोनाकडून आलं?"

"कोनाचकडून नाई. तुह्यात नाई, भाऊजीत नाई. हिच्यात नवीनच झालं."

ताईने पोरीच्या डोक्यावरचं टोपरं सारखं केलं. डोकं अंगाच्या मानाने मोठं होतं, कपाळ पुढे आलेलं, आणि हात इतके आखूड की स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नसत. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, अकॉन्ड्रोप्लेझिया. हाडं लांब वाढत नाहीत, बुद्धीला काही होत नाही. शाळेत जाईल, शिकेल, मोठी होईल, पण उंच होणार नाही.

"मंग हेच सांग त्याहिले," ताई म्हणाली. मग पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली, "नाई, तू नोको सांगू. आबाच बोलतीन."

आबा म्हणजे आमचे वडील, आणि त्याहिले म्हणजे तिच्या सासरच्यांना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि तीन-सव्वातीन महिन्यांनी सासरच्यांनी बाळ-बाळंतिणीला न्यायला यायचं, अशी आमच्याकडे रीत. तीन महिने झाले, पाच झाले, सात झाले. बाळापूरकडून कोणी आलं नाही. भाऊजी दर आठवड्याला फोन करत. पोरगी दूध पिते का, रडते का, सगळं विचारत. न्यायला कधी येता, हे ताई विचारी तेव्हा त्यांच्याकडे रेंज जाई.

मी काय करतो ते सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं. भातकुली तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी दहावीपर्यंत शिकलो. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, अभ्यासात माझ्याहून चांगली. पण अमरावतीला खोली करून शिकवायचं तर एकालाच शक्य होतं, आणि ते कोण हे कोणी ठरवायचीही गरज पडली नाही. ती घरी राहिली. मी पदवी घेतली, मग पुढची पदवी, आणि आता संशोधन करतो. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. हे मी कधी विसरलो नाही. विसरू नये म्हणून प्रयत्नही करावा लागला नाही, कारण ताई समोरच होती.

माझं काम असं. गाय, उंदीर, वटवाघूळ, माणूस, सगळे सस्तन प्राणी. प्रत्येकाच्या पेशीत डीएनएच्या अक्षरांची लांबच लांब माळ. या माळा संगणकावर एकाखाली एक लावायच्या आणि कुठे कुठे अक्षरं बदलली ते पाहायचं. बदल सगळीकडे सारखे होत नाहीत. काही भाग पिढ्यान् पिढ्या जवळजवळ तसेच राहतात, काही भागांत बदलांवर बदल साचतात. सी या अक्षराच्या पाठोपाठ जी आलं की त्या सीवर बऱ्याचदा एक रासायनिक खूण बसते, आणि ती खूण असलेलं सी बाकी अक्षरांपेक्षा कितीतरी पटीने लवकर बदलतं.

आबांनी एकदा विचारलं होतं, तू दिवसभर काय पाहतं रे त्या डब्यात. मी म्हणालो, आपल्या वावरात नाल्याकडचा पट्टा जसा दरवर्षी पाणी धरून चिबडतो, वरचा चिबडत नाही, तसं. पाणी तेच, माती तीच, पण जागा वेगळी. आबा म्हणाले, "मंग त्या जागी कोनता शेतकरी पेरते याचा काई संबंध नाई." मी म्हणालो, "नाई." ते म्हणाले, "बराबर हाय." माझ्या आयुष्यात माझं संशोधन इतकं नीट कोणालाच समजलं नव्हतं.

भाचीचं बदललेलं अक्षर नेमकं अशाच एका जोडीतलं होतं. जगात जितकी माणसं या आजाराची आहेत, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचं हेच अक्षर, याच जागी. हा कोणत्या घराण्याचा दोष नसून त्या जागेचा स्वभाव आहे.

अकोल्याच्या मध्यस्थ मामांचा निरोप आला. हे भाऊजींचे सख्खे मामा, सोयरीक त्यांनीच जुळवली होती. त्यांनी आबांना फोनवर सरळ सांगितलं, "पाहा इवाई, आमची बहीन काई वाईट नाई. पन गावात लोक म्हनून राहिले का रक्तातच हाय. धाकट्याचं जमत आलं होतं, थे मोडलं. तुमी चार मानसांत एवढं म्हना का खोट तुमच्याकडची हाय, ती सुनेले अन् नातीले त्याच दिवशी घेऊन जाईन."

भाऊजींचा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. वावर आहे, विहीर आहे, दोन्ही भाऊ मेहनती. पण हल्ली आमच्याकडे नोकरी नसलेल्या मुलाला पोरगी कोणी देत नाही. आम्हीसुद्धा ताईसाठी आधी नोकरीवालाच पाहत होतो. भाऊजींचं लग्न झालं तेव्हा ते एकोणचाळीसचे होते, ताई अठ्ठावीसची.

निरोप ऐकून आबा बाजेवर बसले. मग म्हणाले, "माही बहीन बुटकी होती. तिच्यावर टाकू."

मी म्हणालो, "आबा, आत्या नुसती ठेंगणी होती. तिले हा आजार नव्हता."

"मले मालूम हाय. पन ती मेली. तिले आता काय लागते? अन् मान खाली घातल्यानं मान तुटत नाई."

ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "हो म्हन. मले घरी जाऊ दे रे. हे माहं घर नाई आता, तुमी किती म्हनलं तरी. तिच्या बापाजोळ राहू दे तिले."

"लोक मंग आपल्याले नाव ठेवतीन ना," मी म्हणालो.

"तुह्या लग्नाचं म्हनतं का? तुले कोनीबी देईन बाप्पा, तू शिकलेला हाय."

ती टोमणा मारत नव्हती, खरंच तसं मानत होती. मी हो म्हणालो. तरी बैठकीला जाताना पिशवीत रिपोर्ट टाकला, आणि त्यासोबत माझ्या कामातले तीन-चार तक्ते. कशासाठी, हे मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

बैठक अकोल्याला, मध्यस्थ मामांच्या घरी, रविवारी सकाळी. त्यांच्याकडून भाऊजी, त्यांची आई आणि मामा. आमच्याकडून आबा, मी, ताई आणि पोरगी. आम्ही पोचताच भाऊजींनी ताईच्या खांद्यावरून पोरीला घेतलं. पोरगी ओळख नसल्यासारखी दोन क्षण पाहत राहिली, मग तिने त्यांच्या शर्टाची गुंडी पकडली. भाऊजी हसले. त्यांच्या आईने ते पाहिलं आणि मान फिरवली, पण पदराने डोळा पुसलेला मला दिसला. मला वाटलं, झालं, आता काही कठीण नाही.

चहा झाला. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "विहीनबाई, आमची एक बहीन होती. उंचीनं कमी होती. तिच्यातूनच आलं असन. आमची खोट हाय, आमाले कबूल हाय."

एवढ्यावर संपायला हवं होतं. मध्यस्थ मामा "चाला, झालं" म्हणून उठतच होते. पण त्या बाई म्हणाल्या, "म्हंजे तुमाले ठाऊक होतं? ठाऊक असून लपवलं? चांगली खोट आमच्या गयात बांधली!"

त्या थांबल्या नाहीत.

"अन् आमी म्हनलं, गरीब घर हाय, सुसंस्कारी हाय. त्या बाईचं लग्न तरी झालं होतं का? का तेबी लपवलंच?"

आत्याचं लग्न झालं होतं. तिने चार लेकरं वाढवली होती, दोन्ही हातांत पाण्याने भरलेले पितळी गुंड घेऊन शेताच्या पांदणीने चालत येई. हे सांगायला आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण सांगितलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. सत्तरीतला माणूस मांडीवरच्या टोपीची घडी उलट-सुलट करत बसला होता. मी पिशवी उघडली.

"असं नाई हाय," मी म्हणालो.

आतल्या दारातून ताई म्हणाली, "तू बस."

मी बसलो नाही. रिपोर्ट पुढे ठेवला. म्हणालो, हे आत्याकडून आलेलं नाही, आमच्याकडून नाही, कोणाच्याच घराण्यातून आलेलं नाही. नवीन झालेला बदल आहे.

"मास्तर, सोप्या भाषेत सांगा," मध्यस्थ मामा म्हणाले, "आमी बारावी नापास मानसं. नवीन झाला म्हंजे झाला कुठी? हवेत त नाई झाला?"

मला प्रश्न विचारला याचा आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. इतकी वर्षं मी हे शिकलो आणि आमच्या लोकांपैकी, आबा सोडले तर, पहिल्यांदा कोणी कुठे, कसं असं विचारत होतं. मी तक्ता उघडला. बाईच्या शरीरातली बीजं ती जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात, हे सांगितलं. पुरुषाची आयुष्यभर तयार होत राहतात, नकलेवर नक्कल, आणि नक्कल जितकी जास्त तितक्या चुका जास्त. उंदीर असो, गाय असो, माणूस असो, नवे बदल बापाकडून जास्त येतात. या आजारात तर जवळपास नेहमीच.

"म्हंजे बापाच्या वयाचा संबंध आला?" मामांनी विचारलं. ते खरोखर समजून घेत होते. त्यांची चूक काहीच नव्हती.

"हो. वय वाढलं का वाढत जाते."

मी हे वाक्य तक्त्याकडे पाहून बोललो. वर पाहिलं तेव्हा भाऊजींनी पोरीला मांडीवरून उतरवून सतरंजीवर ठेवलं होतं. हळूच, डोक्याखाली हात धरून. आणि हात मागे घेतला होता.

त्यांची आई उभी राहिली. "अकरा वर्सं पोरी पाह्यल्या आमी. अकरा वर्सं! एकेकीच्या दारात जाऊन चहा पेलो, अन् घरी येईपर्यंत नकार. वावरवाला नोको, बाळापूर नोको, मातीचे हात नोको. पोराचे केस पिकले. अन् आता तू म्हनतं माहा पोरगा नासला?"

"तसं नाई म्हनलो मी..."

"काय नाई म्हनलं? आत्ताच त म्हनलं! ऐकलं ना भाऊ तू? आता हे गावात गेलं त धाकट्याले कोन पोरगी देईन? तोबी चौतीसचा हाय!"

"आई, चाल," भाऊजी म्हणाले. त्या सकाळी मी त्यांचं ऐकलेलं हे एकच वाक्य.

ते गेले. पोरगी सतरंजीवर उताणी पडून छताच्या पंख्याकडे पाहत होती. ताई बाहेर आली, तिने तिला उचललं, पिशवी घेतली आणि आमच्या आधी चालत रस्त्यावर जाऊन उभी राहिली. अमरावतीपर्यंत एसटीत ती पोरीला घेऊन आमच्यापासून दूर, पुढच्या बाकावर बसली. आबा एवढंच म्हणाले, "तुले कोन म्हनलं होतं रे बोलाले?"

सोमवारी मी माझ्या मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला पाच वर्षं शिकवलं आहे, फी भरायला उशीर झाला तेव्हा माझ्यासाठी ऑफिसात भांडल्या आहेत. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वडील वीस वर्षांचे असले तरी हे होतं. चाळीशीच्या हजारो बापांच्या मुलांना होत नाही. तू हजारो माणसांचा कल एका माणसाच्या तोंडावर सांगितलास." हे मला माहीत होतं. परीक्षेत कोणी विचारलं असतं तर हेच उत्तर मी लिहिलं असतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, ती मी बाईंना सांगितली नाही. आबांची टोपी पाहून मी बोललो, हे खरं. पण खोट आमच्या घरात आहे असं चार माणसांत ठरलं तर माझंही लग्न अडेल, हे बैठकीआधी दोन दिवस माझ्या मनात फिरत होतं. मी बोललो ते आत्यासाठी, आबांसाठी की माझ्यासाठी, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

भाऊजींचे फोन बंद झाले. ताई रोज भाकरी थापे, पोरीला तेल लावी, माझ्याशी लागेल तेवढं बोले. तेराव्या की चौदाव्या दिवशी मी कोणाला न सांगता अकोला गाठलं आणि तिथून बाळापूरची गाडी धरली. काय बोलायचं ते ठरवलं होतं. मी खोटं बोलणार होतो. माझे तक्ते चुकीचे होते, मला नीट समजलं नव्हतं, खोट आमचीच आहे, असं मी त्यांच्या आईच्या पाया पडून सांगणार होतो.

भाऊजी नदीकडच्या वावरात वांगी तोडत होते. मला पाहून थांबले नाहीत. मी शेजारच्या सरीत वाकलो आणि तोडायला लागलो. वांग्यांचं प्लास्टिकचं कॅरेट अर्धं भरल्यावर मी बोललो.

"भाऊजी, मी चुकलो त्या दिवशी. ते खरं नाई. आत्याकडूनच हाय ते."

ते हसले. अगदी थोडं. "तुले खोटंबी बोलता येत नाई बे. म्या पाह्यलं मोबाईलवर. हिंदीत लय व्हिडिओ हायेत. सगळे तेच म्हनते जे तू म्हनलं."

"ते सगळ्यांचं मिळून असते. तुमचंच तसं असन असं नाई."

"पन माह्याकडूनच आलं ना?"

मी पुढच्या झाडावर वाकलो. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि तेच उत्तर झालं.

"रात-दिस तेच डोक्यात येते," ते म्हणाले. "तिचे हात दिसते. आईले वाटते तुमच्यावर राग हाय म्हनून मी येत नाई. राग नाई मले. तिले घ्याले हात पुढं करतो असं मनात आनतो, अन् वाटते का ह्याच अंगातून..." एक किडकं वांगं निघालं ते त्यांनी वावराच्या कडेच्या धुऱ्याकडे फेकलं.

मग विचारलं, "मान धरते का आता?"

"धरते. नीट धरते."

"बरं." सरीत पुढे सरकत म्हणाले, "एक सांग. अजून एक लेकरू झालं, त त्याच्यातबी येईन का?"

या प्रश्नाचं उत्तर मला पक्कं माहीत होतं आणि तरी ते पक्कं नव्हतं. बहुतेक नाही. जवळजवळ नाहीच. पण तोच बदल काही बीजांमध्ये आधीच बसलेला असू शकतो, म्हणून अगदी नाही असं कोणी डॉक्टर लिहून देणार नाही. एकदा मी जास्त बोललो होतो, म्हणून या वेळी शब्द मोजून म्हणालो, "जवळजवळ नाई."

"जवळजवळ म्हंजे?"

"म्हंजे... शंभर टक्के सांगता येत नाई, भाऊजी."

त्यांनी मान हलवली आणि कॅरेट उचलून टेम्पोकडे नेलं. तिकडून परत आले नाहीत. घरी जाऊन त्यांच्या आईच्या पाया पडायचं धैर्य माझ्यात उरलं नाही. मी आलो तसा परत निघालो.

गावी पोचलो तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. ताई ओट्यावर पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. हसले ते सांगितलं, हातांचं सांगितलं, मान धरते का विचारलं ते सांगितलं. मान धरते का हे ऐकून तिचा चेहरा उजळला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ पाहत होती. मला वाटलं, चांगलंच सांगतो आहे, म्हणून शेवटचा प्रश्नही सांगितला.

ती पुढे झुकली.

"अजून एक लेकरू? असं म्हनले?"

"हो."

"कोनासंग?"

मला समजलं नाही. मग समजलं.

"तुह्यासंगच म्हनत असतीन ना ताई."

"असतीन? तू इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं. त्यांनी लेकराचं विचारलं आणि मी अक्षराचं उत्तर दिलं.

"अन् तू काय सांगतलं त्याहिले? होऊ शकते म्हनलं?"

"जवळजवळ नाई म्हनलो."

"जवळजवळ," ताई म्हणाली. पोरगी तिच्या पदराशी खेळत होती, ताईने तो तिच्या मुठीतून सोडवला आणि माझ्या फोनकडे बोट केलं. "लाव. माह्या फोनवरून उचलत नाईत, तुह्यावरून लाव. इचार त्याहिले कोनासंग."

मी माझ्या फोनवरून लावला. पूर्ण वाजून बंद झाला.

"अजून लाव."

मी पुन्हा लावला. ती माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होती, जसं त्या दिवशी शेडखाली माझ्या तोंडाकडे पाहत होती तसं नाही. आता तिला माझ्याकडून काही वाचून घ्यायचं नव्हतं. फक्त वाजायला हवा होता, आणि तिकडून कोणीतरी उचलायला हवा होता.

"उचलत नाईत," मी म्हणालो.

"मंग अजून लाव ना," ती म्हणाली. "लावत राह्य."